दोर तपासणारे आप्पा

मूर्खपणा सगळेच करतात, पण सासऱ्यांच्या झोक्याचा दोर कापून त्यावर परकर वाळत घालणारी सून बहुधा मी एकटीच. माझी लेक गौरी दहावीला गेली, तेव्हा तिच्या ट्यूशनसाठी मी उदगीरकडच्या आमच्या गावाहून लातूरला बदली करून घेतली. टेम्पोत गाद्या बांधायला काही सापडेना, म्हणून खुंटीवरचा दोर ओढला. लातूरला पोचल्यावर त्याचे दोन तुकडे केले आणि गॅलरीत ताणून बांधले. शाळेत मास्तरीण होते ना मी! गावाला अकलेचा पुरवठा माझ्याकडूनच होतो, असा माझा समज होता.

दोर आप्पांचा होता. गौरी जन्मली त्या वर्षी त्यांनी तो अंबाडीच्या वाखाचा स्वतः वळला होता. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस. घरादाराला कुलूप लावून सगळे शेतात. ज्वारीत कडब्याची खोप उभी करायची, पांडव पुजायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खायची, वर आंबील प्यायची. आणि बांधावरच्या कडुलिंबाला आप्पांचा झोका.

झोका बांधला की पोरं रांग लावायची. पण आधी आप्पा बसायचे. पटका सावरत, धोतर खोचत, भस्म लावलेलं कपाळ आभाळाकडे करून जे सुटायचे ते खाली यायचं नाव नाही. पोरं ओरडायची, "आप्पा, उतरा की! आमचा नंबर!"

"थांबा रे. दोर तपासून राहिलो."

"किती येळ तपासताय?"

"कच्चा निघाला न् पडलास तर तुझी माय मला भांडंल!" असं म्हणून अजून एक हेलकावा.

मला लाज वाटायची. पासष्टीचा माणूस, दाणेबाजारात वजन असलेला, आणि सगळ्या शिवारादेखत पाय हलवतोय. एकदा मी म्हणालेच, "आप्पा, लोकं हसतात." ते म्हणाले, "हसू द्या की. नऊ वर्साचा होतो तवा बाप गेला, औत हाती आलं. झोका ऱ्हाऊनच गेला बघा. ही पोरगी आली तवा आठवलं."

दुसरी त्यांची खोड म्हणजे सकाळच्या चहाला सगळ्यांना विचारायचं, "काय सपान पडलं?" स्वतःचंही सांगायचे. बैल लिंबाच्या शेंड्यावर चढला, विहिरीत चांदणं भरून आलं, असलं काहीबाही. गौरी तोंड उघडं टाकून ऐकायची, तिची शाळेची वेणी अर्धीच राहायची. मी फणी आपटून म्हणायची, "मला नाही बाई सपनं बघायला वेळ."

"मास्तरीणबाई, बघायला येळ लागतच न्हाई. सांगायलाच लागतो."

या उत्तरावर सगळं घर हसायचं. मी सोडून.

तर दहावीच्या त्या वर्षी येळवशीला मी गौरीला गावी पाठवलं नाही. सराव परीक्षा जवळ आली होती. दुपारी बाराला दारात आप्पा उभे. एका हातात आंबिलीची किटली, दुसऱ्यात भज्जीचा डबा. एस.टी.त उभ्यानं आले होते. शेतातल्या पूजेचा मान सोडून ते असे कधीच कुठे गेले नव्हते. मी काय म्हणावं? "आप्पा, आवाज नका करू, ती अभ्यास करतेय."

"हाव, हाव," ते कुजबुजले आणि पाय न वाजवता गॅलरीत गेले. तिथे दोर होता. त्यांनी माझा परकर अलगद बाजूला सारला, दोरावरून बोटं फिरवली, जिथे मी कापला होता तिथली गाठ चाचपली. ते म्हणाले, "पक्का हाय. कपडे पडायचे न्हाईत."

तासभर ते तिथल्या कठड्यावर बसले. गौरीच्या खोलीचं दार मी उघडलं नाही. मग दोनची गाडी आहे म्हणून उठले, बंद दाराकडे पाहून हात हलवला आणि जिना उतरले. पुढच्या श्रावणात आप्पा गेले. गौरीला त्या परीक्षेत किती गुण पडले, ते आज मला आठवत नाही. तिलाही नाही.

आता मीच आप्पांच्या वयाची झाले. यंदा येळवशीला गौरी तिच्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन आली. लिंब तोच आहे, दोर मात्र बाजारातला, नायलॉनचा. बांधून झाला तशी गुडघे दुखत असताना आधी मीच बसले. नात किंचाळली, "आज्जी, उतर ना!" मी म्हणाले, "थांब गं, दोर तपासून राहिले." पाय जमिनीवरून सुटले, ज्वारी खाली गेली, आणि कळलं की हा माणूस वर्षानुवर्षं कशासाठी उतरत नव्हता. एवढ्या साध्या गोष्टीला मला इतकी वर्षं लागली.

उतरल्यावर खोपीत बसून मी गौरीला पहिल्यांदाच सगळं कबूल केलं, दोर कापल्याचं, दार न उघडल्याचं. तिने आंबिलीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली,

"आई, त्या दिवशी मी एक ओळ वाचली नाही. गॅलरीकडच्या खिडकीच्या फटीतून आप्पा दिसत होते. कठड्यावर बसून पाय हलवून राहिले होते, झोक्यावर हलवायचे तसे. मग मीपण टेबलाखाली तसेच हलवले, ते जाईपर्यंत. त्यांना दिसलं असेल का गं?"