सोळावर ठेवलेली लेन्स

बसा, आधी चहा घ्या. माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं ते सांगतो, पण आमच्या हिच्यासमोर पुन्हा विषय काढू नका.

आमचे मामाजी, म्हणजे सासरे, राहतात सिंदी रेल्वेला. शेतीचा माणूस, पण तरुणपणी कॅमेऱ्याचा भारी नाद. मागच्या वर्षी आषाढात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या खुशीत त्यांनी आपली जुनी लेन्स मला देऊन टाकली. म्हणाले, "जावईबापू, पोळ्याले माह्या बैलजोडीचा फोटो याच्यानंच काढजा."

पिपरी मेघेला घरी आलो. लेन्स पुसली, मधे अडॅप्टर लावून माझ्या कॅमेऱ्यावर बसवली. लेन्सच्या कड्यावर उजेड कमी-जास्त करायचे दोनपासून सोळापर्यंत आकडे. म्हटलं, सासऱ्यांची वस्तू आहे, उजेडाची कंजुषी कशाला? कडं थेट सोळावर. डोळा लावला तर आत अमावास्या.

आता तुम्ही म्हणाल, लेन्सच खराब असेल. अहो, पण सासरवाडीच्या वस्तूला नाव कसं ठेवायचं? आमच्याकडे जावई खारट भाजीसुद्धा 'छान झाली' म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतो. मग दोष देण्यासारखं उरलं काय? माझे डोळे. गेलो सावंगीच्या दवाखान्यात तपासायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, डोळे ठणठणीत आहेत." मला वाटलं, पोरगी नवीन आहे, हिला काय कळतंय.

पोळ्याला सिंदीला गेलो. अंगणात बैल सजून उभे, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. मामाजींनी विचारलं, "कशी आहे लेन्स?"

"एक नंबर, मामाजी."

"पाहू द्या बरं मले."

त्यांनी डोळा लावला. डोळा चोळून पुन्हा लावला. मग कॅमेरा खाली घेतला आणि खाटेवर बसले.

"ऑपरेशन फसलं वाटते," ते हळूच म्हणाले. "मले तर अंधारच दिसून राह्यला. आज कॅमेऱ्यातलं गेलं, उद्या बाहेरचंबी जाईन."

ही धावत आली, तिनंही डोळा लावला. "बाबा, मलेबी नाई दिसत. आपल्या घराण्यातच आहे वाटते हे."

ऑपरेशन झाल्यापासून हा माणूस झाडाचं पान न् पान नव्यानं बघत फिरत होता, आणि आता त्याचा चेहरा पार उतरला होता. जावईपणा गेला खड्ड्यात. म्हटलं, "मामाजी, डोळे नाई, लेन्सच बिघडली असन. मी तं उजेड फुल्ल ठेवला आहे, सोळावर."

मामाजींनी मान वर केली. "कितीवर?"

"सोळावर."

"जावईबापू, सोळा म्हणजे भोक सगळ्यात बारीक. आकडा वाढला का उजेड कमी. माह्या कॅमेऱ्यात ते फक्त बटन दाबल्यावर बारीक होये. तुमच्यात आधीच बारीक होऊन बसलं."

त्यांनी कडं दोनवर आणलं, पुन्हा डोळा लावला, आणि हसायलाच लागले. "बैलाच्या पापण्याबी दिसून राह्यल्या!"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण कॅमेरा काही मला परत मिळाला नाही. "तुम्ही बैलाचा कासरा धरा," मामाजी म्हणाले, "फोटो मी काढतो."

तो फोटो आता सिंदीच्या ओसरीत लावलाय. झकास आलाय. दोन्ही बैलांचे डोळे टक्क उघडे आहेत. मिटलेत ते फक्त माझे.