आबांच्या तीन पुरचुंड्या

नात डोंगरात फिरायला निघालीय. गरम पाणी ओतलं की जेवण तयार, अशी वाळवलेल्या अन्नाची पाकिटं ती एकेका दिवसाची वेगळी करत होती. एक फुटलं, भाजक्या पिठाचा वास आला आणि मला माझ्या लहानपणच्या पुरचुंड्या आठवल्या.

बहात्तरचा दुष्काळ. पालमजवळच्या आमच्या गावातून झरीकडं खडी फोडायच्या कामावर पायी जायचं होतं, तीन दिवसांची वाट. आईनं ज्वारीच्या लाह्या दळून पिठात मीठ-तिखट मिसळलं होतं. वाटेत पाण्यात कालवून खायचं. मी दहा वर्षांची. माणशी रोज एक मूठ, अशा पुरचुंड्या मी फडक्यांत बांधत होते. आई, बाप, भाऊ, मी आणि आजोबा, म्हणजे आमचे आबा. पंधरा झाल्या.

आईनं त्यातल्या तीन उघडून त्यांतलं पीठ परत गाडग्यात ओतलं.

“आबा घरीच ऱ्हातेत,” ती हळूच म्हणाली. “त्यांच्यानं चालणं व्हायचं न्हाई. हे त्यांच्यासाठी. तू बोलू नको.”

परत कधी यायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला मात्र तेव्हा आबांचा हेवा वाटला. त्यांना उन्हात चालायचं नव्हतं.

बाहेर आबा वहाणांना तेल लावत बसले होते.

“पोरी, माझी पुरचुंडी लय घट्ट बांध. वाटंत सांडल.”

“व्हय आबा,” मी म्हणाले आणि ती तीन रिकामी फडकी घडी घालून ठेवली.