सुदामचा गुळगुळीत ट्रेलर

ढाब्यावर माझ्या चौकोनी ट्रकशेजारी सुदामने आपला नवा ट्रेलर आणून लावला आणि माझ्या चहाची चवच गेली. केबिनवर उतरतं छप्पर, दोन्ही बाजूंना चाकांपर्यंत गुळगुळीत पत्रे. आम्ही एकाच गावचे, एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेलो. मग हे सगळं त्याच्याच वाट्याला का?

"वाऱ्याला कळतसुद्धा नाही गाडी गेलेली," सुदाम म्हणाला. "डिझेल वाचतं."

"घाटात वाचतं? टोलच्या रांगेत?"

"तिथं कसलं वाचतंय! मोकळा रस्ता लागला तरच."

ऐकून केवढं बरं वाटलं! पुढे घाटात तो माझ्यासमोरच होता, माझ्यासारखाच कण्हत चढत होता. मी मनातल्या मनात हसलो. आपले खड्डे, आपली वळणं, मध्येच येणाऱ्या म्हशी. इथं वाऱ्याने अडवायला आधी गाडी पळायला तर हवी!

घाट संपला. सपाट रस्त्यावर सुदाम आवाज न करता लांब लांब गेला. माझ्या मागे ताडपत्री फडफडत राहिली. इतकी वर्षं तो आवाज मला सोबतीसारखा वाटायचा. आज वाटलं, वारा सगळ्यांना सोडून मलाच मागे ओढतोय.

मी गाडी कडेला घेतली आणि ताडपत्रीचे दोर आवळायला लागलो.

"आभाळ तर स्वच्छ आहे की," माझा जोडीदार रमेश खिडकीतून म्हणाला.

"पाऊस येईल," मी म्हणालो आणि दोर आणखी ओढला.