डोळे सोडून सगळं

“वडनेरात कोणत्या गल्लीत राहता मॅडम तुम्ही?”

दादासाहेबानं खालून इचारलं. मी मचाणावर होती, देवीच्या नथीचा मोती करून राह्यली होती. आमच्याकडे आता कोणी कोणाले जात इचारत नाही, ते बरं दिसत नाही म्हणे. गल्ली इचारतात. मंग बाकीचं त्याईचं ते समजून घेतात.

“विहाराच्या मांगं,” मी म्हटलं.

“बुद्धविहार?”

“हाव. गावात दुसरा कोणता आहे?”

दादासाहेबानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला अन् चालले गेले. मी नथ पुरी केली.

तो माहा तिथला सहावा दिवस होता. नांदुऱ्याच्या अल्याड दादासाहेबाचं गाव. त्याईनं स्वतःच्या जागेत देऊळ बांधलं, समोर मोठा मंडप केला, अन् मंडपाच्या भिंतीवर दोन पुरुष उंच देवी काढायची होती. काम मोबाईलवर ठरलं. माह्या पेजवर माहं नुसतं पह्यलं नाव होतं, आडनाव नव्हतं. माह्या जुन्या भिंतीचे फोटो पाहून ते म्हणाले, “असाच हात पाह्यजे आम्हाले.” सहा दिवस चहा वेळेवर आला. “मॅडम, पंखा लावू का?” हेही वेळेवर. देवीचे पाय झाले, हात झाले, शालू झाला, मुकुट झाला. डोळे तेवढे राह्यले होते. आमच्या धंद्यात डोळे शेवटी काढतात. चित्र माणसाचं असो, देवाचं असो का बैलाचं असो. डोळे काढले का काम झालं, अन् मंग खाली उजव्या कोपऱ्यात सही.

दुपारी डबा खाऊन आली तर दादासाहेब मचाणापाशी उभे. त्याईच्या संग आमचे शाळेतले ड्रॉइंगचे सर.

“तू डोळे राहू दे,” दादासाहेब म्हणाले. “डोळे सर काढतीन.”

“काऊन?”

“देवीचे डोळे उघडणं म्हणजे भिंत रंगवणं नाही पोरी. समजून घे.”

सकाळी मी मॅडम होती. डबा खाल्ला तेवढ्यात तू झाली. देवीचे पाय काढले तेव्हा माहा हात चालला. देवीची कंबर, देवीचा गळा, देवीचे ओठ, सगळं चाललं. गळ्यातला एक एक मणी मी काढला, तोही चालला. डोळ्यापाशी मात्र माही गल्ली आड आली.

आता वाचणाऱ्याले वाटन का मी ताडकन काहीतरी बोलली असन. नाही बोलली. हे पह्यलेच सांगून टाकते, उगाच वाघीण बनून काय करू. मी ब्रश धुतले. सर मचाणावर चढले. ह्याच सरांनी मले सातवीत स्वतःचा एक जुना ब्रश देला होता, म्हणाले होते, तुझ्या हातात काहीतरी आहे. आता ते माह्याकडे पाहत नव्हते. मी तरी म्हटलं, “सर, उंचावरचे डोळे काढताना मधात मधात खाली उतरून...” त्याईनं मान न वळवता म्हटलं, “मला येतं गं.”

पैसे सगळे भेटले. भांडण त्याचं नाहीच. निघताना पाह्यलं तर कोपऱ्यात, जिथं माही सही असती, तिथं सरांची सही होती. रंग अजून वाळला नव्हता.

एसटीत मी खिडकीपाशी बसली अन् वडनेर येईपर्यंत स्वतःलेच शिव्या देल्या. काऊन नाही बोलली? तोंडात काय मूग भरले होते?

हा हात मले कुठून आला ते सांगते. पह्यला हात मायचा. माय दुसऱ्याईच्या घरच्या भिंती पोतारायची. पांढरी माती भिजू घालायची, फडक्यानं भिंतीवर वढायची, अन् भिंत ओली असतानाच बोटाईनं तिच्यावर कमानी काढायची. एकाखाली एक, मासोळीच्या खवल्यावाणी. कमानी काढ असं तिले कोणी सांगतलं नव्हतं. मी लहानपणी इचारलं होतं, “माय, ह्या कमानी काऊन वं?” ती म्हणे, “निरी भिंत बोडकी दिसते.” घरमालकीण बाहेर यायची, कंबरेवर हात ठेवून पाहायची अन् म्हणायची, “यंदा आमची भिंत झ्याक दिसते.” आमची भिंत. माय हसायची. मले तेव्हाच राग यायचा, पण कशाचा राग आहे ते समजत नव्हतं.

दुसरा हात चाचाचा. खामगावात जिनिंगच्या रस्त्यावर चाचाचं पेंटरचं दुकान होतं. दुकानाच्या पाट्या, ट्रकाच्या पाठी, देवळाची शिखरं, दर्ग्याचे दरवाजे, सगळं चाचानं रंगवलं. मी बारावीले खामगावले जायची अन् कॉलेज सुटलं का त्याच्या दुकानासमोर उभी राहायची. चार दिवस त्यानं पाह्यलं. पाचव्या दिवशी म्हणे, “खड़ी क्या है? डब्बा हिला.” तिथून सुरू झालं. वर्षभर मी डबेच हलवले अन् खडूच्या दोऱ्यानं भिंतीवर चौकटी मारल्या.

चाचा बोलायचा कमी. “बेटी, ब्रश मत हिला, कंधा हिला.” अन् उंच भिंतीचा त्याचा एकच मंत्र होता. “चढ़, लगा, उतर, दूर जा, देख. फिर चढ़.” एका चेहऱ्यासाठी त्यानं मले वीस वीस डाव उतरवलं. गुडघे भरून यायचे. मी चिडायची, म्हणायची, मले वरून दिसते ना. तो म्हणे, “तुझे ऊपर से दिखता, लोगों को नीचे से दिखता.” अन् काम झालं का सही. लहानशी, पण प्रत्येक कामावर. “जिसका हाथ, उसका नाम,” एवढंच.

मंग फ्लेक्स आलं अन् चाचाचं दुकान बसलं. आता तो गाड्याच्या नंबरप्लेटा रंगवते. एखाद्या डाव जुना देऊळवाला बोलावते, तर म्हणते, चाचा, हात तुमचाच पाह्यजे, पण यंदा नाव नका टाकू. चाचानं हे मले हसत हसत सांगतलं. मले हसू आलं नाही.

मी भिंत सोडली नाही. अंगणवाडीच्या भिंती केल्या, शाळेच्या केल्या, ग्रामपंचायतीचं “पाणी वाचवा” केलं, देऊळघाटले एका दवाखान्याची दर्शनी भिंत केली. लोक म्हणत, पोरीची जात अन् मचाणावर चढते. एकदा पुण्याले चित्रकाराईच्या शिबिरात गेली. तिथं मी म्हटलं, “मले पह्यले रेघ दिसते, मंग रंग.” बाजूची पोरगी हसली अन् म्हणाली, “किती गोड बोलतेस गं तू!” गोड! मी रेघेचं सांगून राह्यली होती अन् तिले माही बोली गोड लागली. हातातला डबा तिच्या डोक्यावर उपडा करावा वाटला.

देवीचं काम घेतलं ते मायले पटलंच नव्हतं. आमच्या घरी देव नाही. भिंतीवर बुद्ध आहे अन् निळ्या कोटातला फोटो आहे. माय म्हणाली, “आपण सोडलं ते, अन् तू जाऊन काढतं?”

मी म्हटलं, “माय, मी देव नाही काढून राह्यली, चेहरा काढून राह्यली. एवढा मोठा चेहरा मले आजवर कोणी काढू देला?”

खरंच होतं ते. जिल्ह्यातले लोक तिथं येणार होते. खाली माहं नाव असतं तर कोणीतरी म्हटलं असतं, ही चित्रकार आहे. पेंटरच्या हाताखालची पोरगी नाही, पोतारणारीची पोरगी नाही, चित्रकार. मले तेच पाह्यजे होतं. दुसरं काही नाही.

देवळाचं उद्घाटन झालं. मी गेली नाही. दोन दिवसांनी त्या गावातल्या मैत्रिणीनं मोबाईलवर फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाह्यला. सरांनी मचाणावर उभं राहून, भिंतीले नाक लावून डोळे काढले होते, ड्रॉइंगच्या वहीत काढतात तसे. एक डावही खाली उतरून पाह्यलं नाही. वरून सरळ वाटणारी बुबुळं खालून पाह्यली का दोन्ही खाली कोपऱ्यात घसरतात. देवी समोर उभ्या माणसाकडे पाहतच नव्हती. मंडपाच्या ज्या कोपऱ्यात लोक चपला काढतात, तिकडे तिची नजर. पोट्ट्याईनं नाव ठेवून देलं, चपला राखणारी देवी.

मले हसू आलं. खोटं कशाले बोलू. मंग रडू आलं. डोळे सोडून सगळी देवी माही होती, अन् लोक तिले हसून राह्यले होते.

दादासाहेबाचा फोन आला. मी पुन्हा मॅडम झाली होती. “मॅडम, जरा येऊन जा. डोळ्याचं थोडंसं करून द्या. एक ते तीन देऊळ बंद असते, तेव्हा या. मांगच्या दारानं.”

माय म्हणाली, “नको जाऊ.” मी गेली. माहं चित्र बिघडलं होतं, ते मले पाहवत नव्हतं. मचाण बांधून तयार होतं. मंडपाचं पुढचं दार आतून लावलेलं. मी खालीच उभी राह्यली, लोक हात जोडून उभे राहतात तिथं, अन् दोन्ही डोळे नीट पाह्यले. चूक कुठं आहे ते एका नजरेत समजलं. दीड-दोन तासाचं काम होतं. हात शिवशिवत होता.

मी इचारलं, “सरांच्या सहीचं काय?”

“ते राहू दे. सर मोठे माणूस आहेत, त्याईले बरं नाही वाटणार.”

“डोळे मी काढीन,” मी म्हटलं. “पण पुढचं दार उघडा. लोक असतीन तेव्हा काढीन. अन् कोपऱ्यात नाव माहं.”

दादासाहेब हळूच हसले. “तुहं नाव लागलं तं लोक हात जोडतीन का इथं? तूच सांग. आम्ही तुले आत घेतलं, हे काय कमी आहे?”

ह्या डाव मात्र आवाज निघाला. “माहा हात घेतला तुम्ही आत. मले नाही घेतलं. आता राहू द्या तिले अशीच.”

“मॅडम, राग नका मानू, दोन रेघा तं आहेत...”

“दोन रेघाच आहेत. सरांले बोलवा.”

मी पिशवी उचलली. मांगच्या दारानं नाही गेली. मंडपाच्या पुढच्या दाराची कडी मी स्वतः काढली. नवीन दार होतं, कडी घट्ट होती, दोन्ही हात लावा लागले. बाहेर ओट्यावर चार म्हातारे बसले होते. त्याईनं मले पाह्यलं, मी त्याईले पाह्यलं, अन् मी रस्त्याले लागली.

घरी येऊन पेजवर दोन फोटो टाकले. एक त्या दिवशी डबा खायाच्या आधी मी मोबाईलवर काढलेला, बिनडोळ्याची देवी. दुसरा आताचा. खाली लिहिलं, डोळे सोडून सगळं माहं काम आहे. अन् पह्यल्यांदा आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं.

हप्त्याच्या आत एका शाळेचं काम गेलं, एका मंगल कार्यालयाचं गेलं. सरांचा फोन आला. “तू माझी बदनामी केलीस. तुला मीच ब्रश दिला होता, विसरलीस?”

“नाही विसरली सर. पण सही तुमचीच आहे ना तिथं?”

त्याईनं फोन कापला. माय माह्यावरच तापली. “पोटाले हात लागते वं, नाव नाही लागत.” मी म्हटलं, “तुह्या कमानी किती भिंतीवर होत्या माय? एका तरी घरी तुहं नाव माहीत आहे का कोणाले?” माय उठून आत गेली. मले तिले दुखवायचं नव्हतं, पण दुखवलं. दोन दिवस ती माह्याशी बोलली नाही.

आता माहा कायदा असा आहे. भिंतीले पांढरा हात मारून झाला का पह्यले उजव्या कोपऱ्यात माहं नाव, आडनावासकट. ते वाळू द्यायचं. मालकानं पाहायचं, त्याच्या घरच्याईनं पाहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहायचं. ज्याले खुपत असन त्यानं तेव्हाच सांगायचं, मी पिशवीत ब्रश भरून निघते. ते सगळं झाल्यावर चित्र. चाचाले हे पटलं नाही. म्हणे, “उल्टा काम है बेटी, पहले सही कौन करता?” म्हटलं, चाचा, मी करते.

कामं कमी झाले. हे लपवत नाही. लोक नाव ऐकतात, “कळवतो” म्हणतात अन् कळवत नाहीत. ब्रश वाळून राह्यले, माहं डोकं तापून राह्यलं, अन् घरात बसून मी मायवर खेकसते. कोणी म्हणते, एवढं काय त्या नावाचं, काम महत्त्वाचं. मी म्हणते, मंग तुह्या घरावरची तुह्या नावाची पाटी काढून दाखव, मंग बोलू.

परवा मलकापूरकडून एकाचा फोन आला. रस्त्यावरच्या हॉटेलची भिंत आहे, लय मोठी. त्याले सगळं पटलं, चित्र पटलं, दिवस पटले. मंग म्हणे, “ताई, नाव जरा लहान टाकलं अन् आडनाव सोडलं तं जमन का?”

“नाही,” मी म्हटलं. अन् त्यानं फोन ठेवायच्या आधी त्याले माहं आडनाव पुन्हा एक डाव सांगतलं, एक एक अक्षर सुटं करून, म्हणजे त्याले लिहून घेता येईन.