किसनचा टॉवेल

“त्या बाईले सांग, बुढीच्या हातचं पानी नको पेऊ म्हना. गजकरन हाये तिले.”

कुडापलीकडून शेजारीण आपल्या सुनेला सांगत होती. मी ते ऐकलं, तांब्या घेतला आणि पाणी प्याले. गजकर्ण पाण्यातून लागत नाही, एवढं कुडापलीकडे सांगायला हरकत नव्हती. पण अनोळखी माणसांत माझा आवाज फुटत नाही.

गाव अमडापूर. घर शिपाई किसनचं. समोर बसलेली त्याची आई, कौसाबाई. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते आणि रजेवर मलकापूरला आले होते. निघताना मेट्रन म्हणाल्या होत्या, “तुमच्याच जिल्ह्यातला होता. त्याच्या आईला भेटून या.”

मी “येस, मॅडम” म्हटलं होतं. काय बोलायचं ते विचारलं नव्हतं.

आमचं हॉस्पिटल सरहद्दीपासून काही मैल मागे होतं. लढाई सुरू होण्याआधी माझी ड्यूटी स्किन वॉर्डात होती. जवान ओल्या शेतांतून आणि कालव्याकाठच्या चिखलातून यायचे. बूट दिवसभर पायात. बोटांमध्ये चिखल्या, जांघेत नायटा. किसनच्या चिखल्या पिकून पाय सुजला होता, म्हणून त्याला ॲडमिट केलं होतं. कमरेवरही चट्टा होता. तो त्यानं लाजून आधी दाखवलाच नाही.

सकाळच्या राउंडला सगळे पाय पुढे करून बसायचे. मी एकेक बोट उघडून बघायची.

“सिस्टर, एवढं निरखून तं माह्या मायनंबी नाही पाह्यलं,” किसन म्हणाला.

शेजारच्या खाटेवरचा हवालदार म्हणाला, “मायले माहीत असंन बे, वास कसा येते ते.”

सगळा वॉर्ड हसला. मी “नेक्स्ट” म्हटलं.

मी मलकापूरची आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं. तो फार खूश झाला. “मंग तुम्ही आपल्याच हो, सिस्टर.” मी नुसतं “हो” म्हटलं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. वऱ्हाडी मला कळते, पण घरी ती बोललेली चालत नसे. त्या हॉस्पिटलात माझ्या जिल्ह्यातला तो एकटाच होता आणि मी त्याच्याशी ऑर्डरीपुरतंच बोलले. बोटांमधली जागा पुसून कोरडी करा. पावडर लावा. मोजे रोज बदला. टॉवेल कुणाला देऊ नका, कुणाचा घेऊ नका. चट्टा दिसेनासा झाला तरी मलम दोन आठवडे चालू ठेवा.

मग तो रोज सकाळी मी खाटेजवळ पोचायच्या आत रिपोर्ट द्यायचा, “सिस्टर, पाय कोरडे.”

पाय बरा झाला. कमरेसाठी मलम बरोबर देऊन त्याला फिट फॉर ड्यूटी करून पाठवलं. त्याच आठवड्यात लढाई सुरू झाली आणि मला सर्जिकलला हलवलं.

एका दुपारी फील्ड टेलिफोन वाजला.

“सिस्टर, कॅज्युअल्टीज येताहेत. दोन लाइंग, चार सिटिंग.”

“किती वेळात?”

“निघाले आहेत.”

स्ट्रेचरवरून आलेल्या दोन लाइंगमधला एक किसन होता. पोटात शेलचे तुकडे. सर्जन पहिल्या केसवर होते. मी ड्रिप लावली, मग त्याचे बूट काढले. मोज्यांत पावडर होती. तो शुद्धीवर होता. मला ओळखून एक वाक्य बोलला. केस-शीटवर तसलं काही लिहीत नाहीत. टेबलावर घ्यायच्या आधीच तो गेला.

पलटणीनं त्याची ट्रंक घरी पाठवली. तिच्यात त्याचा हिरवा टॉवेल होता, न धुतलेला. कौसाबाईंनी तो धुतला नाही. रोज मानेशी घेऊन त्या निजत. मानेवर गोल चट्टा उठला आणि गालापर्यंत चढला. कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी बिब्बा लावला, तर कातडी भाजली. कापूस वेचायच्या टोळीतल्या बायांनी त्यांना आपल्या ओळीत वेचू देणं बंद केलं. मग त्या घरीच बसल्या, टॉवेल घेऊन.

मी बॅगेतून मलम काढलं. भाजलेली कातडी भरली की लावा म्हटलं. बिब्बा नाही, चुना नाही. मान कोरडी ठेवायची, लुगडं-चोळी कडक उन्हात वाळवायची. त्या मान हलवत होत्या. मग मी चुलीवर पाण्याचं भगुनं ठेवलं आणि टॉवेलकडे हात केला.

“हा उकळावा लागेल, मावशी. नाहीतर मलम लावूनही पुन्हा होईल. हे याच्यातूनच आलंय. किसनलाही होतं.”

त्यांनी टॉवेल छातीशी धरला.

“त्याले होतं?”

“हो. कमरेला.”

“त्याचंच दुखनं हाये, तं राहू द्या माह्यापाशी.”

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

आता मी सेवेत नाही. टॉवेल पुढे उकळला गेला, उन्हात वाळला. चट्टा गेला आणि वेचणी संपायच्या आत कौसाबाई पुन्हा टोळीत जाऊ लागल्या. पण त्या दुपारी पाणी उकळून आटत होतं आणि त्या टॉवेल सोडत नव्हत्या.

“धुतला तं त्याचा वास जाईन, बाई,” त्या म्हणाल्या. “मंग माह्यापाशी त्याचं काय राहीन?”

माझ्याकडे त्याचं एक वाक्य होतं. ते मी मेट्रनला सांगितलं नव्हतं, घरी सांगितलं नव्हतं. कुडापलीकडे शेजारीण ऐकत होतीच. मी त्यांच्याजवळ सरकले.

“मावशी, तो गेला तवा मी त्याच्यापाशीच होती. मीच त्याचे बूट काढले. मले म्हने, ‘सिस्टर, पाय कोरडे हायेत, मायले सांगजा.’”