शाडूची निजलेली बाई

ओल्या शाडूचा वास आला की पेणमधलं बायकांचं ते मनःस्वास्थ्य शिबिर आठवतं. मनःशांतीवर पाहुणे तासभर बोलले. मग शिबिराच्या ताई म्हणाल्या, "मनात असेल ते घडवा." सगळ्या गणपतीच्या कारखान्यात कामाला, सवयीने गणपतीच झाले. नवरा गेल्यापासून डोळ्याला डोळा न लागलेल्या एकीने मात्र कुशीवर निजलेली बाई केली. "सोंड कुठं हाय गो?" शेजारणीने विचारलं. "नाय. झोपलीय ती." उन्हात धूळ संथ तरंगत होती. बघता बघता तीही सतरंजीवर आडवी झाली आणि खरोखर झोपली. समारोपासाठी पाहुणे उठले, तेव्हा बायकांनी माइकची वायरच काढली. आभाराचं भाषण माझ्याकडे होतं. ते अजून माझ्याकडेच आहे.