गोळी नळीतच राहिली

मंडळी, आज दुपारचं सांगतो. कोणाला बंदुकीतलं कळत असेल तर लगेच उत्तर लिहा.

इथे आखातातले आमचे वर्कशॉपचे साहेब, अबू फहद, उद्या आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला चाललेत. काडतुसं स्वतः भरतात. मापं घ्यायला मी लागतो, म्हणून शुक्रवारची सुट्टी असून त्यांच्या बुदैया गावातल्या व्हिलावर बोलावलं.

गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीत किती खोल बसवायची, हा सगळा खेळ. थोडी बाहेर ठेवली तर नेम सुधारला, म्हणून साहेब ती आणखी बाहेर ठेवत गेले. आज दारू न भरलेलं एक काडतूस रायफलमध्ये घालून बघितलं. परत काढलं तर नुसती पुंगळी आली. गोळी नळीच्या खाचांत रुतून बसली होती.

मी म्हटलं, "साहेब, सगळ्या गोळ्या अजून आत दाबू या. तिकडे असं झालं तर दारू आत सांडेल, बंदूक जाम होईल आणि समोर रेडा असेल."

साहेबांनी सळईने गोळी ठोकून काढली आणि जवळजवळ भोकं पडलेला नेमाचा कागद दाखवला. "माफी मुश्किल, कुछ प्रॉब्लम नहीं. निशाना देखो."

कागद अंगावर धावून येत नाही, हे मी बोललो नाही. माझा व्हिसा त्यांच्या सहीवर आहे.

तीच काडतुसं बॅगेत गेली. निघताना दारात त्यांच्या बायकोने विचारलं, "तुमने चेक किया ना? सब ठीक?"

मी इंशाल्ला म्हटलं. बाई हसून आत गेल्या.

विमान पहाटेचं आहे. साहेबांच्या घरचा नंबर माझ्याकडे आहे. तुम्ही फोन केला असता का?